गृहपाठाचं माप

साहेब, तुम्ही पोरांचा दिवस लुटला. दुष्काळ म्हणून शाळा अर्धी केली आणि उरलेली अर्धी गृहपाठ म्हणून आमच्या दारात आणून ओतली.

धुरपदाबाई शाळाखात्याच्या त्या न पाहिलेल्या साहेबाला मनातल्या मनात सुनावत होती आणि हातोड्याखाली खडी फुटत होती. बहात्तर सालचा दुष्काळ. ढोकीच्या रस्त्यावर सरकारी काम निघालेलं. पोरांना पाण्याला जावं लागतं म्हणून वरून हुकूम आला, शाळा दुपारपर्यंतच. मागोमाग दुसरा आला, अभ्यास बुडतोय, गृहपाठ दुप्पट द्या.

तिची अयोध्या तिसरीत. शाळा सुटली की कोसभरावरून दोन खेपा पाणी, मग धाकटीला कडेवर घेऊन चुलीपुढं. त्यावर गृहपाठ काय, तर ‘रोज व्यायाम करावा’ पन्नास वेळा लिहा. एके दिवशी दिवेलागणीला पोरगी विसाव्या ओळीवर मान टाकून झोपली. धुरपदाबाईला अक्षर येत नव्हतं, रांगोळी येत होती. तिनं पेन्सिल घेतली, वरची ओळ बघून आधी ठिपके दिले, मग जोडले. तीस ओळी अशाच काढल्या.

सकाळी मच्छिंद्र गुरुजींनी वही उघडली, ठिपके पाहिले आणि अयोध्येला शंभर ओळी लावल्या. पोरांनी तिचं नाव रांगोळीबाई ठेवलं. घरी येऊन पोरगी म्हणाली, आता शाळा बास, मी खडीवर येते.

हे मात्र धुरपदाबाईला लागलं. चूक आईची आणि शाळा सुटणार लेकीची? दुसऱ्या दिवशी एका हातात पोरीचा हात, दुसऱ्यात हातोडा, अशी ती वर्गाच्या दारात उभी राहिली. गुरुजी खुर्चीतून उठलेच.

“मारायला न्हाय आणला,” ती म्हणाली. “हितनं कामावर जायचंय.”

ठिपके आपण काढले, हे तिनं सगळ्या वर्गासमोर कबूल केलं. गुरुजी मनानं वाईट नव्हते, पण नोकरीला भीत होते. म्हणाले, साहेब वह्या मोजतो, ओळी कमी भरल्या तर माझी बदली.

“आमचा मुकादम लई खवीस हाय, गुरुजी. पर टोपलं भरताना त्यो बी डोकं बघतो. म्हाताऱ्याला अर्धं, दोन जिवाच्या बाईला अर्धं. तुमच्या सायबानं कुणाचं डोकं बघितलं?”

गुरुजींनी आवाज खाली आणला. अयोध्येला दहाच ओळी देतो, पण बाहेर बोलू नका.

धुरपदाबाईनं मागं बसलेल्या पोरांकडं पाहिलं. कुणाच्या मानेला पाण्याची खेप चुकली होती? ती तिथंच जमिनीवर बसली.

“एकटीला सूट नको. कागद घ्या, म्या सांगते तसं सायबाला लिहा. आठ वर्साच्या लेकरावर किती टाकायचं, हे तुमी काय बघून ठरवलं? खाली माझा अंगठा घ्या. आन् हेबी लिहा, उत्तर कवा देता?”