उलटी रेघ

समुद्राचं पाणी पृथ्वीच्या पोटात किती खोल जातं, हा प्रश्न माझ्या आयुष्यात नवऱ्याच्या आधी आला. पाहुण्यांना माझी ओळख करून देताना तो म्हणायचा, "हिचा पहिला संसार समुद्राच्या तळाशी आहे."

प्रश्न तसा साधा होता. समुद्राचा तळ म्हणजे खडकाची जाडजूड पाटी. ती सरकत सरकत एका खोल खंदकापाशी दुसऱ्या पाटीखाली घुसते आणि घुसण्याआधी वाकते. वाकताना तिच्या पाठीला भेगा पडतात, त्यांतून पाणी आत शिरतं. इथपर्यंत कुणाचं दुमत नव्हतं. आमचे सर म्हणत, ते पाणी वरच्या कवचात मुरतं आणि तिथंच थांबतं. मी म्हणत होते, ते कवच ओलांडतं, खालच्या हिरव्या खडकापर्यंत, प्रावरणापर्यंत पोचतं, त्याचा सापाच्या कातडीसारखा मऊ दगड करतं आणि पाटीबरोबर खाली ओढलं जातं. मऊ दगडातून भूकंपाचा हादरा रेंगाळत जातो. तेव्हा पाटी वाकते तिथं तळावर यंत्रं ठेवायची आणि हादऱ्याचा वेग मोजायचा. माझी नोकरी, माझं नाव, सगळं त्या वेगावर टांगलेलं होतं.

यंत्रं आम्ही दोघींनी जोडली. दुसरी म्हणजे चिमणी, माझी मैत्रीण. अंगानं एवढीशी आणि तोंड सतत चालू, म्हणून चिमणी. मी तिच्याहून थोडी मोठी, तर ती मला म्हातारे म्हणायची. तेव्हा मी तिशीचीसुद्धा नव्हते. तळघरातल्या लांब टेबलावर कळशीएवढे काचेचे गोळे मांडलेले असत. आत यंत्र बसवायचं, हवा काढून गोळा बंद करायचा, वर पिवळं प्लॅस्टिकचं टोपण घालायचं. पायाला वजन बांधून समुद्रात सोडायचं. परत हवं तेव्हा जहाजावरून आवाजाची खूण करायची, वजन सुटतं, गोळा वर येतो. कधीकधी वजन सुटतच नाही. मग गोळा गेला.

वाकाच्या अगदी मधोमध टाकायचा गोळा मी स्वतः बंद केला होता. शेवटच्या तपासणीत टेबलावर टिचकी मारली, तर पडद्यावर सगळ्या गोळ्यांच्या हादरा दाखवणाऱ्या रेघा वर उसळल्या आणि त्याची तेवढी खाली गेली. आतल्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. गोळा फोडायचा तर जहाज चुकलं असतं. तसं बिघडत काही नव्हतं, वाचताना रेघ सुलटी केली की झालं. मला आठवा महिना लागलेला, डॉक्टरांनी जहाजावर चढू दिलं नाही. चिमणी माझ्या जागी निघाली. कार्यशाळेच्या दारात मी तिला तेवढं सांगून ठेवलं.

"तुझं कधी काय सरळ असतं, म्हातारे?" ती हसून म्हणाली.

ती परतली तेव्हा माझी लेक पाळण्यात होती. बाकीचे गोळे वर आले, वाकावरचा तेवढा एक आला नाही, म्हणून चिमणी माझ्या स्वयंपाकघरात रडली. मीच तिची समजूत काढली, चहा करून दिला. इतर गोळे वाकापासून लांब होते, त्यांतले वेग नेहमीचेच निघाले. सर वाईट माणूस नव्हते. कल्पना चांगली आहे, पुरावा नाही, एवढंच म्हणाले आणि काम बंद केलं. मला भूकंपांच्या नोंदी करायच्या खोलीत टेबल मिळालं.

चिमणी दर रविवारी यायची. लेक मावशीची वाट बघत खिडकीत बसायची. एकदा वाटाणे सोलता सोलता मी चिमणीला विचारलं, मी उगाच हट्ट केला का गं, खरं सांग. ती सोलतच राहिली. "जाऊ दे," म्हणाली, "समुद्रालाच ठाऊक."

पुढे ती दुसऱ्या संस्थेत गेली, स्वतःची मोहीम काढली. लेक पाच वर्षांची असताना चिमणीचं मोठं व्याख्यान झालं. मी कडक इस्त्रीचे कपडे घालून लेकीसह पहिल्या रांगेत बसले. समुद्राचं पाणी प्रावरणात शिरतं, असं चिमणी सांगत होती. माझा ऊर भरून आला. कुणी का सिद्ध करेना, आपल्या माणसानं केलं. मग पडद्यावर एकाखाली एक रेघा आल्या. सगळ्या नव्या मोहिमेतल्या, ती म्हणाली. लांबच्या एकाच जागी वेगवेगळ्या वेळी झालेल्या भूकंपांचे पहिले धक्के. सगळ्या रेघा वर उसळल्या होत्या. एक खाली गेली होती.

सभागृहात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. बाजूच्या खोलीत खोकणारं आपलं पोर ओळखावं, तशी मी ती ओळखली.

व्याख्यानानंतर तिला कोपराला धरून जिन्याशी नेलं. म्हटलं, "ती रेघ सुलटी करायची राहिली."

तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "विसरले." मग सांगत सुटली. जहाजावर दोर ओढून हाताची सालटी निघाली, महिनाभर पोटात अन्न ठरलं नाही, आणि नाव तुझंच झालं असतं. मी कोण, तर यंत्रं उचलणारी.

मागितलं असतं तर निम्मं नाव दिलं असतं. पण माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"कवचाखाली वेग किती निघाला होता?"

"सेकंदाला साडेसात किलोमीटर."

"कोरड्या खडकात आठाच्या वर हवा होता."

"हो," ती म्हणाली.

म्हणजे पाणी गेलं होतं. माझं बरोबर होतं, आणि वाटाणे सोलत बसली होती तेव्हाही तिला ते माहीत होतं. गोळा चोरलास तर चोरलास. मी स्वतःला मूर्ख समजत जगत होते, ते तू दर रविवारी माझ्या हातचा चहा पीत पाहिलंस.

लेक धावत आली, तिनं मावशीचं बोट धरलं. मी ते सोडवलं आणि तिला घेऊन जिना उतरले.

रविवारी लेक खिडकीत बसली. अंधार पडेपर्यंत उठली नाही. मावशी कधी येणार, असं तिनं दोनदा विचारलं. मी म्हटलं, तिला काम आहे.

वाटाण्यांचे दिवस होते. मी बाजारातून आणलेच नाहीत.