मावशीच्या लाल रेघा

मित्रांनो, मी एक जुना लाल कागद आहे. आरपार दिसणारा, तळहाताएवढा. माझं तारुण्य एका भेटवस्तूच्या खोक्याभोवती गेलं. खोकं उघडल्यावर सगळ्यांनी आतल्या घड्याळाचं कौतुक केलं आणि मला चुरगाळलं. छापखाना चालवणाऱ्या ताईने तेवढं मला उचललं, सरळ केलं आणि नोकरीला लावलं.

काम सोपं होतं. दुकानातलं यंत्र लाल उजेड टाकून बारकोडच्या रेघा वाचतं. त्या यंत्राला काय दिसेल, ते माझ्यातून माणसाला दिसतं. पुढे ताईच्या धाकट्या भावाने संगणक आणला आणि मी खणात, मोडक्या स्टेपलरशेजारी जाऊन पडलो. पगार नव्हताच, त्यामुळे कपातही झाली नाही.

एके दिवशी त्यांची मावशी आली. तिच्या घरगुती साबणाला पहिल्यांदाच मोठ्या दुकानाची मागणी आली होती. अट एकच. यंत्राने रेघा वाचल्या नाहीत तर सगळा माल परत, आणि पुन्हा दाराशी यायचं नाही. मावशीला मात्र पांढऱ्या डब्यावर लालच रेघा हव्या होत्या.

"काळ्या नकोत गं. साबण विकायचाय, कुणाच्या जाण्याची बातमी द्यायची नाहीये."

भाचा संगणकापुढे वाघ, मावशीपुढे मांजर. त्याने लगेच मान डोलावली. ताईने खण उपसला, मला ओढणीने पुसलं आणि पांढऱ्यावर लाल रेघा छापलेल्या नमुन्यावर धरलं.

मावशी वाकली. चष्मा पुसून पुन्हा वाकली. "अगं, रेघा गेल्या कुठे?"

"दुकानातल्या यंत्रालाही हाच प्रश्न पडेल, मावशी."

मावशीचं तोंड एवढंसं झालं. मग ताईने रंगांची अदलाबदल केली. डबा लाल, रेघा गडद निळ्या. माझ्यातून लाल डबा कोऱ्या कागदासारखा उजळ दिसला आणि रेघा काळ्या कुळकुळीत. मावशी खुलली. पाचच मिनिटांत ही कल्पना मुळात आपलीच कशी, हे ती भाच्याला समजावू लागली.

माल दुकानात लागला त्या दिवशी, पुरावा म्हणून, तिने मलाही पर्समध्ये घालून नेलं. स्वतःचाच साबण घेऊन ती रांगेत उभी राहिली. यंत्र टुक् करून वाजलं.

"काकू, एकच ना?" गल्ल्यावरच्या मुलीने विचारलं.

"एकच. पण अजून एकदा वाजव."

आता मी संगणकाशेजारी चिमट्याला टांगलेला असतो. मित्रांनो, विनंती एवढीच, माझी घडी घालू नका. घडी पडली की माझ्यातून एक जास्तीची रेघ दिसते, आणि बोलणी बिचाऱ्या भाच्याला बसतात.