पाटीवर आधीच लिहिलेला शेवट

मित्रांनो, मी एक जुना प्रत्यय आहे. नाव 'टर'. मला एकट्याला काडीचा अर्थ नाही, म्हणून जन्मापासून माझी नुसती धावाधाव. कुठला तरी शब्द पुढे हवा, मग मी त्याच्या शेपटाला!

माझा जन्म लॅटिन भाषेतला. तिथे मला 'टोर' म्हणत आणि काम करणाऱ्याच्या मागे लावत. तुमच्या मराठीत 'णारा' करतो, तेच माझं काम. ओढणारा तो ट्रॅक्टर, हलवणारी ती मोटर, आणि डॉक्टर म्हणजे मुळात शिकवणारा बरं का! औषधं नंतर आली. इन्स्पेक्टर, कंडक्टर, कलेक्टर, सगळीकडे मीच. मीटर, लिटर आणि शटर मात्र माझे कुणी नव्हेत. उगाच नात्यातले असल्यासारखे मिरवतात.

एका पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडे मी बरीच वर्षं राबलो. त्याची एक रीत होती. तो शब्दाचा शेवट आधी रंगवायचा, कारण डावीकडून सुरुवात केली की उजवीकडे अक्षरं चेंगरतात. माझी तर त्याने पत्र्याची स्टेन्सिलच कापून ठेवली होती.

त्याची मुलगी शाळेत पहिली आली, त्याच दिवशी त्याने एका कोऱ्या पाटीच्या उजव्या टोकाला मला लाल रंगात उठवलं आणि पाटी बाहेरच्या खोलीत टांगली. पुढचं ती शिकून आली की लिहू, म्हणाला. येणारेजाणारे तिला हाका मारायचे, "काय डॉक्टरीणबाई!" मी आपला फुगून टुम्म. पोरगी मात्र माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही.

पुढे डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत तिला दोनदा गुण कमी पडले. मधल्या काळात शेजारपाजारची बंद पडलेली शिलाई मशीनं तिने एकेक करून चालू केली. तिसऱ्या वर्षी पेंटरने पुन्हा फॉर्म पुढे सरकवला.

"बाबा, मी नाही भरणार."

"आता काय झालं?"

"मला रक्त बघून घेरी येते. लहानपणापासून येते. तुम्ही कधी विचारलंत का? शेवट लिहून मोकळे झालात!"

"अगं, सवय होते हळूहळू."

"मला मशीनं दुरुस्त करायचीत. कोपऱ्यावरचा गाळा बघून ठेवलाय. पाटी तुमच्याच हातची हवी. नसेल द्यायची, तर बिनपाटीची बसेन."

माझा जीव टांगणीला लागला. पाटीसकट टांगलेलाच होतो म्हणा. पेंटर स्टुलावर चढला. मग त्याने पाटी खाली काढली आणि पॉलिश पेपर घेऊन मला खरवडायला लागला. मला राग आला, खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं राबलो, त्याचं हे फळ? पण वर पाहिलं तर त्याचे डोळे वाहत होते.

"भुकटी गेली डोळ्यांत," तो म्हणाला. "सांग, काय लिहू?"

त्या दिवशी त्याने आयुष्यात पहिल्यांदा डावीकडून लिहायला घेतलं. मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी असा शेवट आधीच रंगवून ठेवला असेल, तर वेळेवर बोला. आणि मोठ्यांनो, तुम्ही आधी विचारा. मला खरवडलंत तरी चालेल, मला जायला शब्द पुष्कळ आहेत.

'शिलाई मशीन दुरुस्ती'. शेवटची दोन अक्षरं चेंगरलीच. पेंटर ती पुसायला निघाला, तेवढ्यात पोरीने त्याचा हात धरला.

"राहू द्या, बाबा. छान दिसतंय."