एका नावाच्या दोन होड्या

बाबांना संगणकातलं काही कळत नाही, आणि न कळणाऱ्या गोष्टीवर हुकूम सोडायची त्यांना भारी हौस. "दोनय होडये दिसाक होये," त्यांनी बजावलं.

बाबा म्हणजे दत्ताराम, मालवणचे मच्छीमार. खांदा गेल्यापासून जाळं ओढवेना. नव्या होडीतून पर्यटक फिरवायचे, नाहीतर होडी विकून घरी बसायचं, एवढंच उरलं होतं. सावंतवाडीचा एक सहलवाला गिऱ्हाइकं पाठवणार होता, पण आधी त्याला होड्यांचं वेबपान बघायचं होतं. ते मी, त्यांच्या लेकीने, बनवलं.

'होड्या बघा' दाबलं की जुन्या मोडक्या होडीचा आणि नवीचा, दोन्ही फोटो उघडायला हवे होते. घरी उघडले. बाजारातल्या कॅफेतल्या जुन्या ब्राउझरवर मात्र फक्त मोडक्या होडीचा उघडला, आणि सहलवाल्याकडेही तोच ब्राउझर. मी डोकं धरून बसले. बाबा खुशीत पुन्हा पुन्हा बटण दाबत होते. त्या फोटोत जुन्या होडीवर आई बसली होती. ती जाऊन चार वर्षं झाली.

चूक आमच्या घरच्या रीतीची. आमच्याकडे होडी मोडली तरी नाव मोडत नाहीत, नवीला तेच देतात. नाव आईचंच, सावित्री. आणि मी शहाणी, कोडमध्येही दोन्ही फोटोंना तोच आयडी, म्हणजे ओळखीचं नाव, देऊन बसले! आयडी पानावर एकालाच द्यायचा असतो. घरचा नवा ब्राउझर चालवून घ्यायचा. जुन्यात शोधाशोध मी वापरलेल्या तयार कोडचं, म्हणजे लायब्ररीचं, सिलेक्टर इंजिन करायचं, आणि पहिली सावित्री सापडली की ते थांबायचं.

"बाबा, नव्येक सावित्री-दोन म्हणूया?"

"तुझ्या आवशीच्या नावाक नंबर लावतंस? गप रव!"

हट्टी माणूस. पण मला त्यांची फार माया आली. आयडी काढून मी दोघींना एकच क्लास, म्हणजे गटाचं नाव, दिला. क्लास कितीही जणींना चालतो, इंजिन सगळ्यांना गोळा करून आणतं. कॅफेत बटण दाबलं, आणि दोघी शेजारी शेजारी उघडल्या. जुनीवर आई, नवी रिकामी.

सहलवाल्याची पहिली माणसं आली त्या सकाळी बाबा जेट्टीवर जायच्या आधी कॅफेत शिरले. मला बटण दाबायला लावलं. थोडा वेळ बघत राहिले, मग निघताना टोपी नीट करून पडद्याकडे वाकले.

"येतंय गो, सावित्री."