सवाष्ण सोनल

बूट काही केल्या निघेनात.

एक पाय संध्याने धरला होता, दुसरा पुतळाने. दोघी शेजारणी अशा इरेला पेटून ओढत होत्या की पडवीत निजवलेली सोनल चटईसकट उंबऱ्यापर्यंत सरकली. जाडजूड काळे बूट, पार पोटरीपर्यंत चढलेले, आणि लेस अशी आवळलेली की होडीचा दोरही त्यापुढे सैल वाटावा.

"जल्ला मेला तुमचा जोर! बाजूला व्हा!" गोजरा कडाडली. "लेक हाय माजी, मासलीची पाटी नाय!"

"पन बूट घालून कोन जातं गो वर?" संध्या धापा टाकत म्हणाली.

"तिनंच सांगितलं होतं," कोपऱ्यातून आवाज आला. "म्हणून दवाखान्यातच घातले मी. डबल गाठ मारलीय."

सगळ्या बायकांनी वळून पाहिलं आणि लगबगीने पदर तोंडाला लावले. रडू आलं म्हणून नाही. कोपऱ्यात रणजीत उभा होता. कानांत टाचण्या, अंगात बाह्या फाडलेलं जाकीट, दोन्ही बाजूंनी डोकं तासलेलं आणि मधोमध हिरव्यागार केसांचा वीतभर तुरा. दिवाळे गावात मयताला आजवर नाना तऱ्हेची माणसं येऊन गेली होती, पण ह्या रंगाचं कोणी आलं नव्हतं. एक कुत्रं मघापासून त्याच्याकडे बघून भुंकत होतं आणि त्याला कोणी हाकलतही नव्हतं.

वामनबुवा काठी टेकत पुढे आले. गावकीचे म्हातारे पंच. लग्न असो की मयत, त्यांच्या शब्दाशिवाय गावात पान हलायचं नाही.

"बुटांचं मागनं बघू," ते म्हणाले. "गोजरा, पैलं मना सांग, पोर कुमारी जातेय का सवाष्न? लुगडं तसं आनाला लागंल."

कुमारी म्हणजे साधं पांढरं कापड घालायचं आणि मुकाट्याने न्यायचं. सवाष्ण म्हणजे हिरवं लुगडं, हिरवा चुडा, कपाळभर मळवट, आणि झाडून सगळ्या बायकांनी येऊन पाया पडायचं. गोजराने पदराने नाक पुसलं आणि छातीठोकपणे सांगितलं, "सवाष्न."

हे साफ खोटं होतं.

खरं तर ह्याच एका गोष्टीपायी गोजराने चार वर्षं जिवाचं रान केलं होतं. सोनल महाप्याच्या कॉल सेंटरात होती, इंग्रजी फाडफाड बोलायची. एक दिवस तिने फोनवरच्या गिऱ्हाइकाला त्याच्याच भाषेत त्याची जागा दाखवली आणि नोकरीला रामराम ठोकला. त्याच सुमाराला तिला रणजीत भेटला. मूळचा साताऱ्याकडचा, बाप एपीएमसीत माथाडी, आणि हा दिवटा 'ठणका' नावाच्या पंक बँडचा गायक. रबाळ्याला एका बंद पडलेल्या कारखान्याच्या वरच्या खोलीत ही मंडळी दिवसभर ड्रम बडवायची. सोनल तिथेच राहायला गेली. पोस्टरं चिकटवायची, स्पीकर उचलायची, कार्यक्रम ठरवणाऱ्यांशी कचाकचा भांडायची. आधी सगळ्यांबरोबर प्यायची, मग सगळे झोपले की एकटी प्यायची. बापाचं नाक तिने घेतलं होतं तशी बापाची सवयही घेतली होती, आणि बाप त्या सवयीनेच गेला होता.

गोजरा बोंबलाचं कालवण घेऊन तिथे धडकायची आणि पोरीच्या बखोटीला धरून तिला घरी आणायची. पोर थोडे दिवस आईच्या कुशीत झोपायची, शहाण्यासारखी वागायची, आणि एका सकाळी पसार. शेवटी गोजराने मनाशी ठरवलं की लग्न लावून दिलं की गाडी रुळावर येईल. तिने थेट रणजीतलाच गाठलं.

"मावशी, लग्न ही सिस्टिम आहे," तो समजावून सांगायला लागला. "आम्ही सिस्टिमच्या विरोधात आहोत."

"असू दे सिस्टिम," गोजरा म्हणाली. "हॉल मी बघते."

एकदा ती त्यांच्या कार्यक्रमालाही गेली, कानांत कापूस कोंबून. रणजीत बेंबीच्या देठापासून बोंबलत होता, लग्नाला गटारात टाका म्हणत होता, आणि समोरची पोरं खुशीत येऊन एकमेकांना धडका मारत होती.

"ह्यो कोनावर वरडतोय?" तिने सोनलला विचारलं.

"सगळ्यांवर, आये."

"मी बी रोज मार्केटान वरडते. मना कोनी टाल्या नाय वाजवत."

सोनल खदखदा हसत तिच्या गळ्यात पडली. तोंडाला दारूचा वास येत होता, पण त्या दिवशी गोजरा तिला काही बोलली नाही. पोर इतकी हसलेली तिने फार दिवसांत बघितली नव्हती.

मग डोळे पिवळे झाले, पाय सुजले. लिव्हर गेलंय, आता थेंबही चालणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तिला सोबत म्हणून रणजीतने दारू सोडली, आणि त्याची खरंच सुटली. तिची सुटली नाही. "मला जमत नाय गो आये," म्हणायची. गोजरा तिला दोन रट्टे घालायची आणि मग तिचेच पाय चेपत रडत बसायची. आज पहाटे दवाखान्यात पोर गेली. वय सव्वीस.

आता ती कुमारी म्हणून गेली असती तर गावात मागे तिचं एकच नाव उरणार होतं, दारुडी. कोणाची बायको नाही, कोणाची सून नाही. जाताना तरी माझ्या लेकीला कोणाची तरी म्हणा, एवढंच गोजराला हवं होतं. त्यासाठी ती देवाशीही खोटं बोलली असती, तिथे वामनबुवा कोण लागून गेले.

"लगीन कवा जालं?" बुवांनी विचारलं. "गावकीला पत्रिका नाय आली."

"कोर्टान जालं."

"साक्षीला कोन व्हतं?"

"मी व्हते. तुमाला बोलावलं असतं तर तुमी जेवन मागितलं असतं."

पदराआड खसखस पिकली. बुवा गोरेमोरे झाले, कारण त्यांनी ते नक्की मागितलं असतं. त्यांनी काठी रणजीतकडे वळवली.

"काय रं तुरेवाल्या, तू नवरा हिचा?"

ह्या पोराला खोटं बोलता येत नसे, हीच तर त्याची मोठी खोड होती. कालवणात मीठ जास्त झालं तर तोंडावर सांगायचा. आणि लग्नाला गटारात टाकायचं ते गाणं तर त्याने सगळ्या नवी मुंबईला ऐकवलं होतं. आता ह्याने तोंडातून 'सिस्टिम' काढलं की संपला कारभार.

रणजीतने सोनलकडे बघितलं, मग बुवांकडे.

"हो," तो म्हणाला. "मी नवरा."

"मंग अग्नी तूच देनार?"

"मीच."

"तर केस उतरव."

रणजीतचा हात आपोआप तुऱ्याकडे गेला. ह्या तुऱ्यापायी त्याला पोलिसांनी रस्त्यात अडवलं होतं, बापाने घराबाहेर काढलं होतं, तरी त्याने तो कापला नव्हता. गोजराला वाटलं, आता हा पळतोय. पळाला असता तरी तिने त्याला शिवी दिली नसती. आपणच कशाला ह्या लेकराला अडकवलं, असं तिला वाटायला लागलं होतं.

"कुठे बसू?" रणजीतने विचारलं.

अंगणातल्या नळापाशी त्याला पाटावर बसवलं. शिवा न्हाव्याने तुऱ्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"काय लावलंस ह्याला? सिमेंट?"

"अंड्याचं पांढरं. आणि साबण."

"आमी आमलेट करतो त्याचं," शिवा पुटपुटला आणि त्याने डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं. मग कात्री चालली, मग वस्तरा. हिरवे झुपके फरशीवर पडत गेले. शेजारची पोरं ते उचलायला धावली तेव्हा पुतळाने त्यांना पिटाळून लावलं. खालून डोकं निघालं. गोल, पांढुरकं, एखाद्या तान्ह्याचं असावं तसं. दवाखान्यात एकदाही न रडलेला रणजीत त्या पाटावर हमसून हमसून रडायला लागला.

"हलू नको मेल्या, कापंल," गोजरा म्हणाली. तिने त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं. ती स्वतःही रडत होती.

लुगडं आलं, चुडा आला. मळवट नवऱ्यानेच भरायचा, असा संध्याने हुकूम सोडला. रणजीतने मूठभर कुंकू घेतलं, आणि स्टेजवर तोंड रंगवायची सवय असल्यामुळे की काय, कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत पोरीला लालेलाल करून टाकलं.

"अरं, लगीन हाय का शिमगा!" संध्याच्या तोंडून निघून गेलं आणि सगळी पडवी हसली. गोजराही हसली. हसता हसता तिने हंबरडा फोडला आणि मग तिला आवरता आवरता बायकांच्या नाकी नऊ आले.

राहता राहिले बूट. पुतळा कोयता घेऊन लेस कापायला सरसावली, तेव्हा वामनबुवांनी काठी आडवी घातली.

"हात नको लावू. नवऱ्यानं घातलेलं सवाष्नीच्या अंगावरनं काडायचं नसतं."

असा नियम गावात कोणी कधी ऐकला नव्हता. पण बुवांनी सांगितला म्हणजे तो होताच. गोजराने त्यांच्याकडे बघितलं, तर ते दुसरीकडेच बघत होते, घसा खाकरत. मग एकेक बाई पुढे आली, वाकली आणि सोनलच्या पाया पडली, म्हणजे तिच्या बुटांना हात लावून हात कपाळाला लावला. संध्या तर दोनदा पाया पडली.

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली तशी गोजरा पुन्हा बेलापूरच्या मार्केटात बसायला लागली. एक दिवस एक नवीनच बाई आली. जवळच्या सोसायटीत नुकती राहायला आलेली, बोलकी. सुरमई निवडता निवडता तिने विचारलं, "मावशी, घरी कोण कोण असतं?"

"मीच."

"मुलंबाळं?"

"एक लेक हाय." गोजरा माशाचे कल्ले काढत राहिली.

"लग्न झालं तिचं?"

"जालं की. रबाल्याला दिलीय. जावय गानी बोलतो."

"अरे वा! कसली, भजनं का?"

गोजराने जरा विचार केला.

"तसंच. पन मोठ्यानं."

बाई हसली. "छान हो. नशीबवान आहे मुलगी तुमची."

"हां," गोजरा म्हणाली आणि तिने कोयता उचलला. "तुकड्या जाड करू का पातल?"