भुजंगाचा कौल

बारा वाजायच्या बेताला भुजंगाच्या दारात नारळ फुटला आणि गिरिजाबाईचं डोकं फिरलं. हात शेणाने भरलेले, तशीच ती गोठ्यातून आली आणि सासूपुढे उभी राहिली. "आत्याबाई, आजून एक नारळ फुटला, तर म्या माह्याराला चालले."

द्वारकाबाईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि खोबऱ्याचे तुकडे परातीत गोळा केले. नारळ आणणारा पाहुणा तीर्थपुरीकडचा. पोरगी मंठ्याला द्यावी की नाही एवढंच त्याला विचारायचं होतं, आणि बिचारा सासू-सुनेच्या मधे सापडला. मी शेजारच्या ओट्यावर तंबाखू मळत बसलो होतो. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

ज्याला विचारायचं तो भुजंग लिंबाखाली बाजेवर बसला होता. तेवढ्यात शिवारात कुणाच्या तरी विहिरीचा सुरुंग उडाला. भुजंगाचे डोळे उघडेच राहिले, पण आतला माणूस गेला. पापणीवर माशी बसली तरी पापणी हलेना. मग मान हळूहळू उजवीकडे कलली. पाहुण्याने लगेच हात जोडले. उजवा कौल म्हणजे काम होणार. पाव तासाने भुजंगाने इकडेतिकडे पाहिलं, पाणी मागितलं आणि हा पाहुणा कोण म्हणून विचारलं.

हे तीन वर्षं चाललं होतं. एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात आम्ही सहाजण कडूबाची विहीर खोदत होतो. चाळीस फुटांवर काम आलं असताना काठ ढासळला. खाली संपत आणि भुजंग होते. संपत गेला. भुजंग कपारीत अडकला होता, तो दुसऱ्या दिवशी सकाळी जिवंत निघाला. मी वर होतो. त्या दिवसाबद्दल गावात पुष्कळ जण पुष्कळ सांगतात, मी सांगत नाही.

तेव्हापासून सुरुंग ऐकला की त्याचं असं व्हायचं. आधी लिंबू झालं, अंगारा झाला, मीठ-मोहऱ्या झाल्या. मग द्वारकाबाईने ठरवलं, पोरगा मरणाच्या दारातून परत आला तो देवाला घेऊनच. बाई वाईट नव्हती. पोरगा धड कामाला जात नाही म्हटल्यावर गाव त्याला येडा म्हणणार. येड्याची आई होण्यापेक्षा देवाची आई झालेलं कुणाला नको? विहिरींचा ठेकेदार बारा वाजता आणि पाच वाजता सुरुंग उडवायचा, म्हणून लोकही वेळ साधून यायचे. मीसुद्धा एकदा गंमत म्हणून विचारलं, बैल बदलू का? मान डावीकडे गेली. बैल ठेवला. आठ दिवसांत तो लंगडा झाला.

त्या दिवशी मात्र गिरिजाबाई माहेरी गेली नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने नवऱ्याला घेऊन जालन्याला निघाली आणि सोबतीला मला ओढलं. मस्तगडाच्या मागच्या गल्लीत मनाच्या आजारांचा एक डॉक्टर बसायचा. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. कौलाचं ऐकून हसलाही नाही. म्हणाला, "सुरुंग ऐकला की याच्या जिवाला वाटतं, दरड आत्ताच कोसळतेय. पळायला वाट नाही, मग मन दार लावून घेतं. हे वेड नाही आणि देवही नाही. हा आजार आहे."

गोळ्या दिल्या. सुरुंगाच्या वेळी जवळ बसा, नाव घेऊन हाक मारा, पाय जमिनीला लावायला सांगा, म्हणाला. आणि त्या दिवशीचं त्याला सांगू द्या, जमेल तसं, थोडं थोडं, ज्याच्यावर भरवसा आहे त्याला. गिरिजाबाईने माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हणालो, माझी तूर काढायची राहिलीय.

तूर झाली, मग छप्पर शाकारायचं निघालं, मग साडूकडे जायचं निघालं. नाचता येईना अंगण वाकडं. शेवटी गिरिजाबाई माझ्या ओट्यावर आली. "भाऊजी, तुमच्या गमती पुरे झाल्या. ते तुमच्याबिगर कुणापाशी तोंड उघडत न्हाईत. माझा माणूस मला वापस पाह्यजे. देव नको."

मी गेलो. पहिले काही दिवस नुसता बसायचो. सुरुंग उडाला की त्याचं मनगट धरून हाका मारायचो. पाव तासाची दहा मिनिटं झाली, दहाची पाच. मान कलायच्या आतच तो परत यायला लागला, तशी नारळवाल्यांची पंचाईत झाली. द्वारकाबाई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. मग एका दुपारी तिने आपणहून चहा आणून ठेवला. भुजंगाने त्या दिवशी सकाळी स्वतः गवत कापून आणलं होतं.

त्याच दुपारी तो बोलायला लागला. कपारीत कमरेएवढं पाणी होतं म्हणाला. संपतचा पाय हाताला लागत होता. दिवस मावळेपर्यंत संपत बोलत होता, मग बोलायचा थांबला. भुजंग हे जमिनीकडे पाहून सांगत होता आणि मधेच टाच मातीत दाबत होता.

"मंग वरून आवाज आला," तो म्हणाला. "'दोघं बी गेले. आता माती उपसून काय फायदा? सकाळी बघू.'"

ते मी बोललो होतो. कडूबाने मला शिवी घातली आणि माती उपसत राहिला, म्हणून भुजंग निघाला. माझं ऐकलं असतं तर निघाला नसता. आवाज चाळीस फूट खाली गेला नसेल असं मी तीन वर्षं स्वतःला सांगत होतो. मी उठायला लागलो. त्याने माझं मनगट धरलं.

"बस. तुझा आवाज वळखला म्या. असा राग आल्ता, म्हणलं वर जातो अन् ह्याला हाणतो. त्या रागानंच सकाळलोक जागा राह्यलो. डोळा लागला असता तर पाण्यात गेलो असतो."

मला रडू आलं. त्याच्यासमोर, द्वारकाबाईसमोर, चहाच्या कपात तोंड घालून मी रडलो. ती आत निघून गेली. रडून झाल्यावर मी म्हणालो, आता हाण. काय हाणायचं ते हाण.

भुजंग माझ्याकडे बघत राहिला. डोळ्यांत तो पुरता हजर होता. माझं मनगट त्याने अजून सोडलं नव्हतं.

"माझं सांगून झालं," तो म्हणाला. "आता तू सांग. तू वर काय पाहून राह्यल्ता?"

मला एकही गंमत सुचली नाही. मी त्या दिवशीच्या सकाळपासून सुरुवात केली.