चौथा पडदा

मुखरूने गिटारीच्या गळ्यावर ठोकलेला चौथा पडदा पकडीत धरला, मान एका बाजूला केली आणि हळूच वर ओढला. पितळेची तार शिवणीच्या झाडाच्या लाकडातून कुरकुरत निघाली. मुखरूला दात उपटल्यासारखं दुखलं. बाराही पडद्यांत हाच सगळ्यात सुबक बसला होता, आणि नेमका तोच चुकला होता.

आठ महिने नागभीडच्या स्टेशनाजवळच्या वस्तीत त्याची थट्टा चालली होती. रेल्वेच्या टेलिफोनच्या तारा जोडणारा हा गडी घरी बसून विजेची गिटार बनवतो, आणि वस्तीत तर अजून विजेचा खांबसुद्धा नाही! मुखरू ऐकून घ्यायचा. त्याने टाकाऊ टेलिफोनमधलं लोहचुंबक काढलं, त्यावर केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे गुंडाळले, ते गिटारीच्या तारांखाली बसवलं आणि त्याचं टोक बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओच्या पाठीत जोडलं. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा तार छेडली तेव्हा रेडिओतून असा आवाज निघाला की शेजारच्या कोंबड्या छपरावर जाऊन बसल्या. तेव्हापासून थट्टा बरीच कमी झाली.

पडदे कुठे ठोकायचे हे त्याने घरातल्या बाजाच्या पेटीवरून ठरवलं होतं. पेटी त्याच्या थोरल्या बहिणीच्या, इंदुताईच्या नवऱ्याची, दादाजींची. दादाजी भजनी मंडळात गायचे. मुखरू लहानाचा मोठा याच घरात झाला, आणि सूर म्हणजे काय ते त्याला याच पेटीने शिकवलं. दादाजींना जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून इंदुताईच्या तोंडून गाण्याची एक ओळ बाहेर पडली नव्हती.

पण गेल्या आठवड्यात मुखरूने गिटारीवर दादाजींचं भजन वाजवून पाहिलं, तेव्हा तांदूळ निवडता निवडता ती गुणगुणली होती. मुखरूने मान वर केली नाही. पाहिलं तर थांबेल अशी त्याला भीती वाटली. त्याला इतका आनंद झाला होता की त्या दिवशी तो जेवायचं विसरला.

काल गोंदियाच्या गाडीचे गार्डसाहेब येऊन गेले. ते स्वतः गिटार वाजवत, आणि कलकत्त्याहून गिटारीच्या तारा त्यांनीच मागवून दिल्या होत्या. त्यांनी गिटार मांडीवर घेतली, एकेक पडदा दाबून पाहिला आणि चौथ्यावर तोंड वाकडं केलं.

"हा उतरला आहे. कशावरून लावला?"

"पेटीवरून, साहेब."

"मग पेटीच बिघडली आहे तुझी." त्यांनी आडव्या तांदळाएवढं अंतर पुढे सोडून पेन्सिलीने रेघ मारली. "इथे बसव. परवा गाडीवर घेऊन ये, मी पाहीन. बरोबर असला तर शनिवारी गोंदियाच्या जलशात तुला बसवतो. नसला तर नाही, बाबा."

मुखरूने आजवर चार माणसांसमोर वाजवलं नव्हतं. शनिवारची त्याला धास्ती वाटत होती, आणि तरी त्याला जायचंच होतं.

त्याने पेन्सिलीच्या रेघेवर बारीक करवतीने खाच पाडली, तार ठोकली आणि रेडिओ सुरू केला. ओसरीत इंदुताई सूप घेऊन बसली होती. त्याने भजन धरलं. दुसऱ्या ओळीला ती गुणगुणू लागली. मग चौथा पडदा आला आणि ती थांबली.

"काऊन थांबली, ताई?"

"हा त्यायचा सूर नाई."

"हा बरोबर सूर आहे. पेटी बिघडली आहे आपली, गार्डसाहेब म्हणले."

इंदुताईने तांदळातला खडा उचलून अंगणात टाकला.

"पेटी बिघडली नाई. म्या घासली."

मुखरूने गिटार मांडीवरून खाली ठेवली.

"तुही बारीक कानस हरवली होती ना? चैतूवर आळ घेतला होता तू."

घेतला होता. चैतू तारा जोडणाऱ्या त्याच्याच टोळीतला. तो बिचारा महिनाभर मुखरूशी बोलला नव्हता.

"भजनात ते तो सूर उतरवूनच लावत," इंदुताई म्हणाली. "पेटी एक बोले, अन् गळा दुसरं. मंडळातले लोक हासत. त्याइले समजत होतं रे. घरी येऊन ताटावरून उठून जात. मंग एक दिवस ते बाजारात गेले, अन् म्या पेटी खोलली. पितळेची पत्ती मुळाशी घासली का सूर उतरते, हे पेटीवाल्याले करताना पाह्यलं होतं. त्यायच्या गळ्याले लागेपर्यंत घासली."

"भाऊजीले सांगितलं?"

"कायले सांगू?" तिला हसू आलं. "मले म्हणले, इंदे, पेटी आता मुरली. आता सुरात आली."

मुखरूने गिटार पुन्हा मांडीवर घेतली. मग त्याने नुकताच ठोकलेला पडदा पुन्हा पकडीत धरला.

"अरे, गोंदियाले जायचं हाय ना तुले?"

"जाईन ना."

त्याने पडदा उपटला. दोन्ही खाचा लाकडाच्या भुशाने आणि सरसाने बुजवल्या. सरस वाळेपर्यंत त्याने दोरा मेणावर ओढून ठेवला. मग सतारीला बांधतात तशी पितळेची बारीक तार त्या दोऱ्याने गिटारीच्या गळ्याला बांधली आणि अंगठ्याने सरकवून पाहिली. पुढे गेली, मागे आली.

"गोंदियात पुढे," तो म्हणाला. "इथी मांगं."

"बाकी सारे ठोकलेले अन् एकच बांधलेला. गार्डसाहेब हासन तुले."

"हासू दे."

त्याने पडदा तांदळाएवढा मागे ओढला आणि भजन पहिल्यापासून धरलं. या वेळी इंदुताई गुणगुणली नाही, ती गायली. दोन वर्षांनी गळा उघडला म्हणून पहिली ओळ थोडी घासून आली. दुसरी मोकळी आली. चौथा पडदा जवळ आला तेव्हा तिने सूप खाली ठेवलं, आणि अंगणातून घरधनी आत येताना सावरावा तसा डोक्यावरचा पदर सावरून घेतला.